इंग्रज धावतो तिथे आपण चालतो

रेल्वेच्या प्रत्येक मोठ्या जंक्शनवर एक 'रनिंग रूम' असते. दौंडला आहे, भुसावळला आहे. नाव ऐकून वाटेल की तिथे शर्यतीचा सराव चालत असेल. प्रत्यक्षात तिथे माणसे झोपतात. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड ड्युटी संपली की रनिंग रूमवर येतात, जेवतात, अंग टाकतात आणि पाळी आली की दुसरी गाडी घेऊन परत जातात. गाडीबरोबर जाणारे कर्मचारी म्हणजे 'रनिंग स्टाफ', त्यांचा भत्ता 'रनिंग अलाउन्स', म्हणून त्यांच्या विसाव्याची जागाही 'रनिंग रूम'. माझे एक मामू गार्ड होते. मामू घरी नसले की मुमानी दारातूनच सांगायच्या, "वो तो रनिंग पे गये." मुमानी उर्दू चौथी शिकलेल्या. पण 'रनिंग' म्हणजे धावणे असे त्यांना कधी वाटले नाही.

असेच आमच्या मोहल्ल्यातले सुतार आणि फॅब्रिकेशनवाले. ग्रिल, रेलिंग, पीओपीची बॉर्डर यांचा भाव ते 'रनिंग फुटाने' सांगतात. म्हणजे रुंदी धरायची नाही, सलग लांबी मोजायची. ठेकेदाराकडे जा, तो 'रनिंग बिला'ची वाट पाहत बसलेला असतो. काम पुरे व्हायच्या आधी, जेवढे झाले तेवढ्याचे टप्प्याने निघणारे बिल. या लोकांपैकी अनेकांनी शाळेत इंग्रजीचा धसका घेतलेला. पण या एका शब्दाचे तीन-चार अर्थ त्यांच्या तोंडात असे बसलेत की कधी घोटाळा होत नाही. कारण शब्द त्यांच्याकडे एकटा आला नाही. कामाबरोबर आला, मापाबरोबर आला, पैशाबरोबर आला.

आता शाळेतल्या वहीत पाहा. दोन रकाने, मध्ये उभी रेघ. डावीकडे 'रन', उजवीकडे 'धावणे', आणि मधे बरोबरची खूण. गुरुजींनी लाल पेनने टिक केलेले. विषय संपला.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे काम करणाऱ्यांसाठी मात्र तो लवकर संपत नाही. १९८९ साली त्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने तो मान घेतला. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी या एका शब्दावर सुमारे नऊ महिने घालवले आणि २०११ साली आकडा बाहेर आला: नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. नाम म्हणून होणारे अर्थ वेगळेच. तीन अक्षरांचा शब्द. पहिलीच्या पुस्तकात चित्रासकट येतो, धावणारा मुलगा दाखवलेला असतो. तो मुलगा त्या ६४५ पैकी एक.

एवढे अर्थ आले कुठून? तर मूळ शब्दातच धावण्याबरोबर वाहण्याचाही अर्थ होता. त्याचा जर्मन भाऊ 'रिनेन' आजही पाणी झिरपण्या-वाहण्यालाच वापरतात. म्हणून इंग्रजीत नदी 'रन' होते, नळ 'रन' होतो, नाकही 'रन' होते. पुढे यंत्रे आली. घड्याळ, गिरणी, आगगाडी, मोटार, आणि शेवटी कॉम्प्युटर. ही सगळी इंग्रजांच्या नजरेत धावू लागली. यंत्र धावले तसे यंत्रासारखे वागणारे सगळेच धावले, मग दुकान असो, संस्था असो, नाहीतर सरकार.

इथे मला एक गंमत नेहमी वाटत आली आहे. इंग्रज जिथे जिथे धावतो, तिथे तिथे आपण चालतो. त्याचे घड्याळ धावते, आपले चालते. तो दुकान 'रन' करतो, आपण दुकान चालवतो. शाळा, खानावळ, संसार, बचत गट, सगळे आपल्याकडे चालवले जाते. सिनेमा त्याच्याकडे पंचवीस आठवडे धावतो, आपल्याकडे चालतो किंवा पडतो. एखादी गोष्ट त्याच्या घराण्यात 'रन' होते, आपल्या खानदानात ती चालत येते, मग तो मधुमेह असो की गळा. सोलापुरात लूम चालतो. दोन पाळ्या चालतो, वीज गेली की बंद पडतो, पण धावत कधी नाही. आणि साहेबाचा हुकूम? इंग्रजीत रिट 'रन' होते, आपल्याकडे हुकूम चालतो. त्याच्यापुढे कुणाचे काही चालत नाही.

ही सवय एकट्या मराठीची नाही. फ्रेंच माणसाचे मशीनही चालतेच. त्यासाठी तो जे क्रियापद वापरतो त्याचा साधा अर्थ पायी चालणे. जर्मनाचे मशीन मात्र इंग्रजासारखे धावते. म्हणजे कोण आळशी, कोण चपळ असला काही प्रकार इथे नाही. प्रत्येक भाषेने हालचालीचा एक शब्द उचलला आणि त्याच्यावर दुनियाभरची कामे लादली. इंग्रजीने ते ओझे 'रन'वर ठेवले, आपण 'चालणे'वर.

आणि आपल्या 'चाल'वर काय कमी ओझे आहे? गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर चाल करून जाणे, चालीरीत. चालू खाते, चालू घडामोडी, आणि 'फार चालू आहे तो' यातला चालू. 'चालता हो' म्हणजे बाहेर पड. 'चालेल' म्हणजे हरकत नाही. सोलापूर भागात 'चालतंय की' एवढे म्हटले की होकार, समाधान आणि थोडी बेफिकिरी, सगळे एका घासात. आमच्या घरच्या दखनीत तर 'पेट चल रहा है' म्हणजे जुलाब लागलेत, आणि नवल म्हणजे इंग्रजही बोलीत जुलाबाला 'द रन्स'च म्हणतो. इथेही तो धावला आणि आम्ही चाललो.

हे सारे दहा वर्षांच्या मुलाला येते. त्याला कुणी शिकवलेले नाही. 'चालू खाते' आणि 'चालू माणूस' यांत तो गोंधळत नाही. मग त्याच मुलाला 'रन'चे सात-आठ अर्थ जड का जातात?

माझ्या एका भाच्याचे उदाहरण देतो. मराठी माध्यमात शिकला, इंग्रजीत चांगले गुण. एका कंपनीत मुलाखतीला गेला. वडील काय करतात विचारले, त्याने सांगितले, शिलाईचे दुकान आहे. पुढचा प्रश्न आला, "हू रन्स द शॉप?" पोराच्या डोक्यात धावणारा मुलगा उभा राहिला. दुकानात धावणार कोण? तो म्हणाला, "नो सर, माय फादर इज सिटिंग." समोरचे तिघे हसले. मनापासून हसले असतील, वाईट हेतू नसेलही. पण पुढची दहा मिनिटे भाच्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि नोकरीचे जे व्हायचे ते झाले. या पोराला 'फिलॅन्थ्रॉपिस्ट' येत होते. 'ऑर्फनेज'चे स्पेलिंग येत होते. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत अवघड शब्दांचे अर्थ विचारतात, ते त्याने घोकले होते. सोपे शब्द कोण विचारतो?

माझे म्हणणे नेमके इथेच आहे. इंग्रजीतले मोठे शब्द सोपे असतात आणि छोटे शब्द अवघड. 'ऑर्फनेज'चा अर्थ एक, तो जगात कुठेही तोच. एकदा पाठ झाला की झाला. 'रन', 'सेट', 'गेट', 'पुट', 'टेक' यांचा अर्थ मात्र शेजारी कोण बसला आहे यावर ठरतो. 'रन आउट' क्रिकेटमध्ये बाद होणे, स्वयंपाकघरात साखर संपणे. 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणे, किंवा भिंतीवर आदळणे. 'रन ओव्हर' म्हणजे गाडी अंगावरून जाणे, नाहीतर सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबणे. 'रन डाउन' माणूस म्हणजे थकलेला, 'रन डाउन' इमारत म्हणजे मोडकळीला आलेली, आणि कुणाला 'रन डाउन' करणे म्हणजे त्याची निंदा. साडीचा रंग 'रन' झाला म्हणजे धुण्यात गेला. 'रन ऑफ द मिल' म्हणजे सामान्य, त्यात विशेष काही नाही असे. गिरणीतून निघालेला, अजून प्रतवारी न लावलेला माल तो. सोलापूरच्या पोराला हा वाक्प्रचार एका मिनिटात कळेल, सांगणारा हवा.

१९३० साली सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने 'बेसिक इंग्लिश' म्हणून एक योजना काढली. फक्त ८५० शब्द, त्यात क्रियापदे अवघी अठरा. परक्यांनी एवढे शिकावे आणि काम भागवावे. कागदावर फार सोपे दिसते. पण अठरा क्रियापदांनी सगळे बोलायचे तर 'पुट अप', 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' अशी जोडकामे करावी लागतात, आणि नवख्या माणसाचा जीव त्यातच जातो. शब्दांची संख्या घटली, अर्थांची घटली नाही.

मला जास्त शहाणपणाचे वाटते ते मायकेल वेस्ट यांचे काम. हे गृहस्थ आपल्याच उपखंडात, ढाक्याला, अनेक वर्षे बंगाली मुलांच्या इंग्रजीत गुंतलेले होते. १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार उपयोगी शब्दांची यादी छापली. यादी करणारे पुष्कळ झाले. वेस्ट यांनी त्यात एकेका शब्दाखाली त्याचे वेगवेगळे अर्थ मांडले आणि कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो तेही दिले. म्हणजे शिक्षकाला समजावे की यातला कोणता आधी शिकवायचा, कोणता नंतर, कोणता सोडून द्यायचा. साधी गोष्ट आहे. ६४५ कुणालाच शिकवायचे नसतात, इंग्रजालाही ते सगळे येत नसतील. आठ-दहा चांगले बसले की पुढचे वाचता वाचता येतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होती. म्हणजे आजचा मराठी किंवा उर्दू शाळेतला मुलगा दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकतो. दहा वर्षांत तुम्ही कुणालाही माग चालवायला शिकवू शकता, हाफिज करू शकता. आणि या मुलाला 'हू रन्स द शॉप' कळत नसेल तर दोष त्याच्या डोक्याचा नाही, त्या बरोबरच्या खुणेचा आहे. गणितातली खूण भाषेत घुसवली गेली. दोन अधिक दोन बरोबर चार हे सोलापुरात खरे, लंडनमध्ये खरे. 'रन बरोबर धावणे' हे फक्त मैदानावर खरे. तिथेही नेहमी नाही. फलंदाजाने सीमापार चौकार मारला की तो जागचा हलला नाही तरी त्याच्या नावावर चार धावा लागतात.

यावर आमच्या मोहल्ल्यात उपाय ठरलेला आहे. मराठी किंवा उर्दू शाळेतून पोराचे नाव काढायचे आणि गल्लीतल्या इंग्लिश मीडियममध्ये घालायचे. बाप हमाली करून फी भरतो, त्याच्या हेतूला मी नाव ठेवणार नाही. पण त्या शाळेत जाऊन पाहा. तीच वही आहे, तेच रकाने आहेत. फक्त उजवीकडचा मराठी शब्द गेला आणि तिथे दुसरा इंग्रजी शब्द आला, जो बाईंनाही धड माहीत नाही. आधी पोराच्या हातात निदान 'चालणे' होते, आता तेही गेले. 'रन द शॉप' म्हणजे दुकान चालवणे, हे एका श्वासात सांगता येणारे वाक्य वर्गात बोलायला बंदी, बोलले तर दंड. घरच्या भाषेत मुलाने जे आधीच कमावलेले आहे ते वापरू न देता त्याला गरीब करून शिकवायचे, हा कुठला न्याय?

उलट्या बाजूनेही ही खूण त्रास देते. एका मशीनच्या माहितीपत्रकात मी वाचले होते, 'जाळी धावत्या पाण्याखाली धुवावी'. पाणी मराठीत वाहते. ते छापणाऱ्यालाही माहीत असणार, पण इंग्रजी शब्द समोर आला की आपण आपले कान बंद करतो. सगळीच भाषांतरे अशी नसतात म्हणा. 'धावते समालोचन' कुणीतरी केव्हातरी इंग्रजीवरूनच केले असेल, पण ते कानाला गोड लागले आणि रुळले. 'धावती भेट' तर अस्सल आपली वाटते.

निवडणुकीचे पाहा. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' होतो. इंग्लंडमध्ये तोच उमेदवार 'स्टँड' होतो, उभा राहतो. एकच भाषा, एक धावतो, एक उभा. आपण मराठीत निवडणुकीला उभे राहतो आणि निवडणूक लढवतोही. धावपळ होते ती कार्यकर्त्यांची. बँकेवरचा 'रन' तर याहून मजेचा. २००७ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेवर 'रन' झाला, तेव्हाचे फोटो आठवत असतील तर त्यात लोक रांगेत उभे आहेत. ठेवी परत मागायला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची, पाय न हलणारी रांग.

पण सगळे असे गमतीचे नाही. मराठीत धावणे वेगळे आणि पळणे वेगळे. बोलीत ते मिसळतात, सातारा-कोल्हापूरकडे पोरे शर्यतीतही 'पळतात'. तरी 'मदतीला धावला' आणि 'भिऊन पळाला' यांची आपण अदलाबदल करत नाही. 'धावणे'त आपल्याकडे मदतीचा वास आहे. संकटात माणूस धावून येतो, देवाचा धावा केला जातो. 'पळून जाणे'त गुन्ह्याचा वास आहे. इंग्रजीत दोघांनाही 'रॅन' पुरतो.

आता विचार करा. आपल्या खालच्या कोर्टात काम मराठीत, हायकोर्टात इंग्रजीत. गल्लीत गडबड झाली, पोलिसांनी जबाब घेतले. गडबडीत सगळेच धावतात. कुणी भावाला शोधायला, कुणी दुकानाचे शटर ओढायला, कुणी जीव वाचवायला, आणि कुणी खरोखर काहीतरी करून. जबाबात 'तो धावत गेला' असेल किंवा 'तो पळून गेला' असेल, भाषांतरात दोन्हींचे 'ही रॅन' होऊ शकते. आणि उलट, इंग्रजी कागदातले 'रॅन' मराठीत आणताना लिहिणाऱ्याच्या मनात जे आधीच ठरले आहे ते उतरते. अशा जबाबात ज्यांची नावे वारंवार येतात त्या वस्त्यांतल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चांगला दुभाषी मिळणे हा तिथे हौसेचा मामला राहत नाही.

'हिट अँड रन'चेही तसेच. २०२४ च्या जानेवारीत ट्रकचालकांनी संप केला तेव्हा सर्व वर्तमानपत्रांत हेच तीन शब्द होते. नव्या भारतीय न्याय संहितेतल्या ज्या पोटकलमावरून तो संप झाला त्यात 'रन' हा शब्दच नाही. तिथे भाषा आहे ती अपघातानंतर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता निसटून जाण्याची. चालकांचे म्हणणे होते, थांबलो तर जमाव मारून टाकेल. म्हणजे एकाच पळण्यात कायद्याला जबाबदारी टाळणे दिसत होते आणि चालकाला जीव वाचवणे. यात कोण किती बरोबर हा वेगळा लेख होईल. पण मथळ्यातल्या 'रन'ने दोन्ही झाकून टाकले एवढे खरे.

आता थोडे आपल्या घरातले. 'जारी' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की हुकूम जारी, वॉरंट जारी, संप जारी म्हणताना तो अरबी आहे हे कुणाला जाणवत नाही. अरबीत त्याच्या मुळाचा अर्थ धावणे, वाहणे. म्हणजे अरबही इथे इंग्रजाच्याच पंगतीत. मुसलमान वाचकांना 'सदका-ए-जारिया' माहीत आहेच: कुणी विहीर खोदली, झाड लावले, शाळा काढली, आणि तो गेल्यावरही ज्याचे पुण्य वाहत राहते ते दान. बँकेतल्या चालू खात्याला अरब 'अल-हिसाब अल-जारी' म्हणतात. इंग्रजीतल्या करंट अकाउंटचा 'करंट' आणि नोटांची 'करन्सी' लॅटिनमधल्या धावण्याच्या क्रियापदातून आलेले, आणि आपले 'चालू' नि 'चलन' चालण्यातून. पैसा तोच. शाळेतल्या 'करिक्युलम'चाही मूळ अर्थ धावण्याचा मार्ग. आपण म्हणतो अभ्यासक्रम, आणि संस्कृतात क्रम म्हणजे पाऊल.

सूरह जुमामध्ये शुक्रवारच्या नमाजची हाक आली की खरेदी-विक्री सोडून अल्लाहच्या स्मरणाकडे या, असा आदेश आहे. तिथे क्रियापद 'सई'चे आहे. 'सई' म्हणजे धावणे, आणि सई म्हणजे खटपट, मनापासून केलेला प्रयत्न. वहीतल्या रकान्याप्रमाणे अर्थ लावला तर दर शुक्रवारी पावणेएक वाजता साऱ्या मोहल्ल्याने पळत सुटायला हवे. पण नमाजला धावत येऊ नका, शांतपणे चालत या, असे हदीसमध्ये स्पष्ट आहे. म्हणून जाणत्यांनी सांगितले की इथे सई म्हणजे पायांची धाव नव्हे, मनाची लगबग. सफा आणि मरवा यांच्यामधली सात फेऱ्यांची सई ज्यांनी केली आहे त्यांना माहीत आहे, तीसुद्धा बहुतेक चालतच होते. हिरव्या दिव्यांच्या टापूत पुरुष थोडे धावतात, तेवढेच. आमची मुले सकाळी शाळेत आणि संध्याकाळी मकतबमध्ये जातात. दोन्हीकडे पाठांतर भरपूर. शब्द कुणाच्या सोबतीने आला हे दोन्हीकडे कमीच विचारले जाते. मौलाना लोकांत हा विचार करणारे आहेत, शिक्षकांतही आहेत. त्यांची संख्या वाढायला हवी.

म्हणी शिकवताना हीच गोष्ट किती सोपी होते बघा. मराठीत सरड्याची धाव कुंपणापर्यंत. आमच्याकडे 'मुल्ला की दौड मस्जिद तक'. इंग्रजीत खोल पाणी शांतपणे 'रन' होते, आपल्याकडे उथळ पाण्याला खळखळाट फार. एका मुलाच्या डोक्यात या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसल्या की त्याला तीन भाषांचे ओझे वाटत नाही, तीन खिडक्या वाटतात. आणि हे करायला पुस्तक बदलावे लागत नाही, शासनाचा जीआर लागत नाही. शिक्षकाने फळ्यावर 'रन' लिहून त्याच्यासमोर बरोबरची खूण करायची नाही, इतकेच. त्याऐवजी मुलांना म्हणायचे, 'चालणे'ची दहा वाक्ये सांगा. मग त्यातली कोणती इंग्रजीत धावतात, कोणती वाहतात, कोणती नुसती चालतात ते बघू.

रविवारी मोहल्ल्यातल्या सातवी-आठवीच्या मुलांचा मी एक वर्ग घेतो, तिथे हे करून पाहतो. पहिल्या दिवशी वाक्ये धो धो आली. 'अब्बूंचा लूम चालतो.' धावला. 'आजीची कवळी चालत नाही.' धावली नाही, कवळीसाठी दुसरा शब्द शोधावा लागला. 'रिक्षा चालते', 'वर्ग चालतो', 'भांडण चालते'. मग मागच्या ओळीतली एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, उभी राहिली आणि म्हणाली, "सर, 'चालेल'ला काय म्हणायचे?" वर्ग थांबला. कुणीतरी म्हणाले, "इट विल रन." दुसरा म्हणाला, "इट विल वॉक." सगळे हसले. मी फळ्यावर लिहिले, 'इट विल डू'. तिने वहीत उतरवून घेतले, थोडा वेळ त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे इथे तो धावत पण नाही, चालत पण नाही. करतो?"